वॉलपेपर सुटत होता, दोष भिंतीत निघाला (माझा अनुभव)

डोंबिवलीत आमच्या हॉलच्या एका भिंतीला मागच्या दिवाळीत पानाफुलांचा वॉलपेपर लावला, ५७ स्क्वेअर फुटांचे दोन रोल लागले, आणि जुलै आला तसे खालचे जॉइंट सुटायला लागले. दोनदा फेविकॉल लावून दाबला तरी आठ दिवसांत परत तेच! मागे हात लावला तर पुट्टी ओली, बोटाला पीठ लागावं तशी निघत होती. मग काकांनी सांगितलं म्हणून भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवलं, पाणी आतल्या बाजूला जमलं, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती (बाहेरच्या बाजूला जमलं असतं तर हवेतला दमटपणा म्हणायचा). पलीकडे बाथरूम आहे, तिथल्या टाइल्सचं ग्राउट (फटींतला भराव) गेलेलं, ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं.

भिंत मात्र पूर्ण वाळू द्या, घाई करू नका, आम्ही पाऊस संपेपर्यंत थांबलो. नंतर पुट्टी, प्रायमर आणि वॉलपेपरऐवजी गेरू रंगावर पांढऱ्या रंगात वारली काढली, तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच आईने स्वतः काढला, एकेक माणूस दोन त्रिकोणांचा, खूप जीव लावून.

आरसा खिडकीसमोर न लावता बाजूच्या भिंतीवर घेतला, गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लग) ठोकून स्क्रूवर, चिकटटेपवर जड आरसा अजिबात नको. आता उजेड सरळ वारलीवर पडतो.