अ‍ॅप सगळ्यांना वापरता यावं, त्यासाठी कार्यशाळा कशी घ्यावी?

घरबसल्या बँक खातं उघडताना ‘कॅमेऱ्याकडे बघून पापण्या मिटा’ अशी सूचना येते. अंध माणसाला चेहरा चौकटीत आला की नाही हे कळत नाही. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना पापणी मिटताच येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असा निकाल ३० एप्रिल २०२५ला आला. अशा अडचणी अ‍ॅप कच्चं असतानाच कळाव्यात, म्हणून ही कार्यशाळा.

आधी माणसं जमवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सगळे एकाच दिवशी बोलावण्याचा अट्टहास नको. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हात थरथरणारे आजोबा, अडखळत वाचणाऱ्या मावशी असे सात-आठ जण पुरे. मानधन आणि रिक्षाभाडं द्या. ‘तुमच्याच भल्याचं आहे’ म्हणत फुकट राबवून घेऊ नका.

रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृहाचं दार आदल्या दिवशी स्वतः पाहा. सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन हवेत, वीसेक मिनिटांनी आलटूनपालटून. त्यांना खिडकीसमोर उभं करू नका, उजेडात हात दिसत नाहीत.

फोन ज्याचा त्याचा. टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीचा वेग, अक्षरांचा आकार, सगळं त्यात बसवलेलं असतं. स्क्रीनच्या नुसत्या चित्रातली बटणं टॉकबॅकने दाबता येत नाहीत, तेव्हा ओबडधोबड का होईना, चालतं वेबपान तयार ठेवा.

‘मुलीला ५०० रुपये पाठवा’ एवढं काम सांगा आणि गप्प बसा. सगळ्यात अवघड हेच. टॉकबॅक नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहील, कारण नाव द्यायचं राहिलेलं असतं. ओटीपी आला की मेसेज ऐकायचा, आकडे लक्षात ठेवायचे, अ‍ॅपमध्ये परतायचं, रकाना शोधायचा. तेवढ्यात वेळ संपते. ‘ते उजवीकडचं निळं दाबा ना’ ओठांवर येईल. आवरा! कोण कुठे अडलं, तेवढं टिपून घ्या.

भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावणार असाल, तर प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचा. पुठ्ठ्याची बटणं कापून टेबलावर मांडायला दिलीत तर आणखी बरं. डिझायनरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ मात्र नकोच. त्यातून अंधाराची भीती कळते, अंध माणसाचा सराव नाही.

उठण्यापूर्वी आधी काय दुरुस्त करायचं, ते आलेल्यांनाच ठरवू द्या. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्यांना पुन्हा बोलवा, आणि जे बदलता आलं नाही तेही सांगा.