लोकल मॅच: फेडरल ग्रँटसाठी टाउनचा वाटा कसा उभा करावा

तुम्ही अमेरिकेत टाउनच्या एखाद्या कमिटीवर असाल, तर हे वाक्य कधी ना कधी ऐकालच: "ऐंशी टक्के फेडरल देतंय, आपले फक्त वीस, त्यात काय मोठंसं?" फेडरल म्हणजे अमेरिकेचं केंद्र सरकार, आणि हे वीस म्हणजे लोकल मॅच, ग्रँटसोबत टाउनने स्वतः घालायचा वाटा. त्या विसांच्या फायली मी बरीच वर्षं सांभाळल्या आहेत. अर्ज कसा भरावा, काउन्सिलचा ठराव कसा घ्यावा हे इथे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं असं धरतो.

आधी टक्केवारी मूळ कागदात स्वतः वाचा. रस्त्यांना साधारण ८० टक्के फेडरल मिळतात, इंटरस्टेटला, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांना, ९०. आपत्तीनंतरच्या दुरुस्तीला फेमाचा (फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा) वाटा किमान ७५ टक्के असतो. उद्यानं आणि मोकळ्या जागांसाठीच्या लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंडात निम्मा खर्च तुमचा. "मागच्या वेळी वीसच होते" यावर बजेट बांधू नका.

मग गणित. ८ लाख डॉलरची ग्रँट, मॅच २० टक्के, तर तुमचा वाटा किती? १ लाख ६० हजार म्हणणारा माणूस प्रत्येक बैठकीत एक तरी असतो. टक्के ग्रँटचे नसतात, एकूण खर्चाचे असतात. ८ लाखांना ०.८ ने भागा, १० लाख येतात. तुमचे २ लाख.

आता खरी अडचण. कपाटात पैसे आहेत म्हणजे मॅच आहे, असं नाही. तो पैसा मॅच म्हणून धरता आला पाहिजे. फेडरल नियमावलीतलं २ सीएफआर २००.३०६ हे कलम छापून टेबलावर ठेवा, दोन-तीन पानांचंच आहे. त्यातल्या दोन अटी लोकांना हमखास आडव्या येतात. एक, तोच डॉलर दोन ग्रँटना दाखवता येत नाही. दोन, फेडरल पैशाला दुसरा फेडरल पैसा मॅच म्हणून चालत नाही, कायद्याने तशी मुभा दिली असेल तरच चालतो. सीडीबीजीच्या (वस्ती-विकासासाठीच्या फेडरल ग्रँटच्या) निधीला ती मुभा आहे, म्हणून लोक सगळ्यांनाच आहे असं समजतात. आणि राज्याकडून चेक आला म्हणजे तो राज्याचाच पैसा, असंही नाही. बरेचदा तो वॉशिंग्टनहून निघून राज्याच्या हातून आलेला असतो. त्या पैशाला असिस्टन्स लिस्टिंग नंबर, म्हणजे फेडरल मदत-कार्यक्रमाचा क्रमांक, आहे का, एवढं विचारा. असेल तर तो फेडरल.

मी स्वतः आपटलो ते श्रमदानात. इथे त्याला इन-काइंड म्हणतात. आपल्याला ही कल्पना परकी नाही. गावाकडे जलजीवन मिशनच्या गावांतर्गत कामांना १० टक्के, डोंगराळ किंवा वनक्षेत्रातल्या गावांत ५ टक्के लोकवर्गणी ठरली, तीही रोख, वस्तू किंवा श्रमाच्या रूपात चालते. त्यामुळे पायवाटेच्या एका प्रकल्पात मी निर्धास्त होतो. शनिवारी पन्नासेक माणसं येत होती, झाडोरा काढत होती, खडी पसरत होती. त्यात एक आर्किटेक्ट होते. त्यांचे तास मी त्यांच्या ऑफिसच्या दराने लावले. वर हजेरीच्या कागदावर नुसती नावं आणि सह्या. कोण किती वाजता आला, काय काम केलं, काही नाही.

तपासणीत ते सगळे तास उडाले. दर माणसाचा लागत नाही, कामाचा लागतो. आर्किटेक्टने खडी पसरली तर खडी पसरणाऱ्याची मजुरी, नकाशा काढला तर नकाशा काढणाऱ्याची. तीही तुमचं टाउन तशा कामाला जे देतं त्या हिशोबाने, आणि टाउनमध्ये तसं काम करणारं कुणी नसेल तर स्थानिक बाजारभावाने. श्रमदानाची नोंद पगारी माणसाच्या टाइमशीटसारखीच हवी: तारीख, सुरुवात, शेवट, काम, सही. दिवस संपायच्या आत. महिन्याने आठवून भरलेला कागद तपासनीस लांबूनच ओळखतो. काउन्सिलपुढे जाऊन पोकळीएवढी रोकड मागताना माझी जी अवस्था झाली, ती तुमची होऊ नये.

म्हणून माझं ठाम मत: श्रमदानाशिवाय मॅच पूर्ण होत असेल, तर श्रमदान हिशोबात घेऊच नका. लोकांना कामाला जरूर बोलवा, चहा पाजा, पण बजेटात लिहू नका. टाउनच्या स्वतःच्या इंजिनिअरचा पगार टाइमशीटसह लावणं कितीतरी सोपं. दान मिळालेल्या जमिनीची किंमतही दान झालं त्या वेळच्या बाजारभावाची, आणि ती स्वतंत्र मूल्यांकनकाराने ठरवलेली. देणाऱ्याच्या मनातली नव्हे.

दुसरा हट्टही सोडा: अर्जाला जास्त गुण मिळतील म्हणून मागितल्यापेक्षा जास्त मॅच कबूल करणं. मंजूर बजेटात एकदा आकडा गेला की तो तुमच्या गळ्यात. काम स्वस्तात झालं तर फेडरल वाटाही त्याच प्रमाणात खाली येतो. वरचं १० लाखांचं काम ९ लाखांत झालं तर ७ लाख २० हजारच मिळतील. महाग झालं तर वरचा भार बहुधा टाउनवर.

तारीख सांभाळा. मंजुरीआधी केलेला खर्च, लेखी परवानगी नसेल तर, मॅचमध्ये धरत नाहीत. उत्साहाने आधीच काढून ठेवलेला सर्व्हे असाच वाया जातो.

रोकड वेगळी मोजा. रस्त्याच्या ग्रँटमध्ये आधी खर्च करायचा, मग परतफेड मागायची. म्हणजे मॅच २ लाखांचा असला तरी कंत्राटदाराची बिलं येतील तेव्हा खात्यात त्याहून बरेच जास्त लागतात.

न्यू जर्सीसारख्या राज्यात असाल तर टोल क्रेडिटबद्दल विचारून घ्या. टोलच्या उत्पन्नातून झालेला भांडवली खर्च तिथे मॅचच्या जागी धरता येतो, आणि टाउनला रोख वाटा घालावा लागत नाही. मात्र यात नवा पैसा येत नाही.

कागद शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून ३ वर्षं ठेवा. ऑडिट किंवा वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. श्रमदानाच्या हजेरीचे कागद स्कॅन करून मूळही ठेवा. पावसात भिजलेल्या, पेन्सिलीने भरलेल्या कागदावरची वेळ स्कॅनमध्ये कधीच नीट उमटत नाही.