एजन्सीला फोन लावण्याआधी

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, माणसं चाळीस. पगार, पीएफ आणि भरती ही तिन्ही कामं माझ्या टेबलावर येतात. दिवाळीचा बोनस खात्यात पडला की दोन-तीन ऑपरेटर चाकणच्या मोठ्या कंपनीत जातात आणि आतून निरोप येतो, "ताई, जाहिरात टाका, एजन्सीलाही सांगा." जाहिरात टाकायला दहा मिनिटं पुरतात. पण घाईने टाकलेल्या जाहिरातीची किंमत मोजतो तो जुन्नरहून दोन एसट्या बदलून मुलाखतीला आलेला मुलगा, म्हणून आधीची तयारी नीट लिहून ठेवते आहे. आपल्यासारख्या लहान कारखान्यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

सगळ्यात आधी शॉप फ्लोअरवर जा आणि सुपरवायझरला विचारा की माणूस नेमका कशासाठी हवा आहे. मालक "व्हीएमसी ऑपरेटर" (व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) म्हणतात, पण सुपरवायझरला बऱ्याचदा सेटर हवा असतो. लावलेला जॉब काढून दुसरा लावणारा ऑपरेटर वेगळा आणि ड्रॉइंग वाचून, टूल लावून, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देऊन पहिला पीस पास करून घेणारा सेटर वेगळा. दोघांच्या पगारात मोठा फरक आहे. मशीनवर कंट्रोल फानुकचा आहे की सीमेन्सचा, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येणं गरजेचं आहे का, आयटीआयचा कोणता ट्रेड चालेल, हे चार ओळींत लिहून घ्या. त्याखाली सुपरवायझरची सही घेतलेली बरी. नाहीतर ऐन मुलाखतीच्या दिवशी अटी बदलतात.

मग पगार. फोनवर प्रत्येक उमेदवाराचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, हातात किती येणार?" त्याचं उत्तर कागदावर तयार हवं. समजा पगार २०,००० आहे आणि त्यात बेसिक व महागाई भत्ता मिळून १५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू, त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १५०. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात राहिले १७,८५०. बाई असेल तर २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे तिला १८,०५०. जाहिरातीत हाच आकडा द्या. "आकर्षक पगार" किंवा "१५ ते ३० हजार" असं लिहू नका. तीस वाचून आलेल्या माणसाला सतरा सांगताना आपलीच मान खाली जाते, आणि तो पहिल्या पगारानंतर टिकत नाही. ओव्हरटाइम धरून फुगवलेला आकडाही टाकू नका, तो वेगळ्या ओळीत सांगा.

शिफ्टच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, कॅन्टीनमध्ये जेवण आहे की फक्त चहा, हेही त्याच कागदावर. दुसरी शिफ्ट मध्यरात्री सुटत असेल तर घरी जायची सोय काय, हे आधी ठरवून लिहा. आमच्याकडे चांगला सेटर फक्त या एका कारणाने तिसऱ्या दिवशी आला नाही.

आता जाहिरात कुठे टाकायची ते ठरवा. सगळीकडे टाकू नका. क्वालिटी इंजिनिअर, प्रॉडक्शन इंजिनिअर, पर्चेसवाला हवा असेल तर नोकरी डॉट कॉम; ते १९९७ पासून चालू आहे आणि या मंडळींचा बायोडेटा तिथे असतोच. ऑपरेटर, हेल्पर, ड्रायव्हरसाठी अपना किंवा वर्कइंडिया, कारण ती माणसं मोबाइलवरच नोकरी शोधतात. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयंम ही दोन्ही सरकारी पोर्टलं फुकट आहेत, तिथे नोंदणी करून ठेवायला काहीच हरकत नाही. आणि आयटीआयला विसरू नका. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कायद्याने घ्यायचेच आहेत तर औंध आयटीआयच्या प्लेसमेंटच्या सरांना भेटून मनापासून घ्या. आमचे आजचे दोन उत्तम सेटर तसेच आलेले आहेत.

एजन्सीकडे जाणार असाल तर करार हातात आल्याशिवाय एकही बायोडेटा स्वीकारू नका. हे कळवळून सांगते, कारण चटका बसलेला आहे. एका उमेदवाराचा अर्ज आमच्या जाहिरातीवर आधीच आला होता, फोनही झाला होता. चार दिवसांनी एका एजन्सीने त्याचाच बायोडेटा पाठवला, आम्ही तो नीट न बघता "मिळाला" असं उत्तर दिलं, आणि तो रुजू झाल्यावर पूर्ण बिल आलं. भांडून उपयोग झाला नाही, कारण आमच्याकडे लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून एक साधी वही ठेवली आहे: उमेदवाराचं नाव, मोबाइलचे शेवटचे चार अंक, कुठून आला, तारीख आणि वेळ. एजन्सीचा बायोडेटा आला की आधी वही बघायची आणि आधीच आलेला असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवायचं. "आधी आला त्याचा उमेदवार" ही ओळ करारात हवीच.

फीचा हिशोबही आधी करा. बहुतेक ठिकाणी ८.३३ टक्के सांगतात, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. पण कोणता पगार? वरच्याच माणसाचा मालकाकडचा पीएफ खर्चासह १,९५० आणि ईएसआय ६५० धरला तर सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा महिन्याचा एकूण खर्च, २२,६०० होते. फी त्यावर धरली आणि १८ टक्के जीएसटी लावला की २६,६६८ होतात. नुसत्या वीस हजारांवर धरली तर २३,६००. फरक तीन हजारांचा आहे, तो सही करण्याआधी बोलून घ्या. माणूस सोडून गेला तर किती दिवसांत बदली देणार, साठ की नव्वद, आणि बदली मिळाली नाही तर पैसे परत की नुसतं पुढच्या बिलात वळतं, हेही लिहून घ्या. बिल माणूस रुजू झाल्यावर, ऑफर लेटरवर नाही.

एक अट मात्र मी कुणासाठीच सैल करत नाही: एजन्सीने उमेदवाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने रजिस्ट्रेशन म्हणून दोन हजार भरले होते, तेही मावशीकडून उसने घेऊन. आता प्रत्येक उमेदवाराला मुलाखतीत मी हे थेट विचारते, आणि जाहिरातीतही स्पष्ट लिहिते की या नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका.

जाहिरात सोमवारी सकाळी टाका आणि फोन उचलायला एकच माणूस नेमा. पहिले दोन दिवस फोन थांबत नाही. मुलाखतीची वेळ देताना मशीन रिकामं असेल याची सुपरवायझरकडून खात्री करा, कारण आमच्या कामात बोलण्यापेक्षा हात बघावा लागतो. हातात मायक्रोमीटर आणि एक तयार पीस द्या, तीन ठिकाणी माप घ्यायला सांगा. ज्याला येतं तो आधी मायक्रोमीटर पुसतो आणि शून्य तपासतो. नाही निवडला तर त्याच संध्याकाळी कळवा. लांबून आलेल्याला जाण्यायेण्याचं भाडं द्या, मालकांकडून ते आधीच मंजूर करून ठेवा.

कागदांत आधार, बँक पासबुक, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि जुना यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर. नवीन यूएएन काढू नका, त्याचा आधीचा पीएफ अडकतो. मूळ प्रमाणपत्रं बघून लगेच परत करा, कपाटात ठेवू नका. आणि रुजू व्हायच्या दोन दिवस आधी बुटाचा नंबर विचारून घ्या. आठ नंबरचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नेहमी संपलेले असतात, आणि चपलेवर कुणाला मशीनजवळ उभं करता येत नाही.