हिवतापावर वनस्पतींचे अर्क तपासताय? या चुका टाळा

‘अर्काने हिवतापाचे परजीवी मेले’ असं सांगत कुणी आलं की मी आधी विचारते, तांबड्या पेशी शाबूत होत्या का? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं.

आमच्याकडे एका अर्काचा आयसी-५० (परजीवींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा; जितकी कमी तितका अर्क प्रभावी) मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम आला होता. सायबर ग्रीनचा, म्हणजे परजीवींचा डीएनए मोजायच्या रंगाचा, आलेख देखणा. तीन आठवडे आम्ही त्या अर्काचे घटक वेगळे करत बसलो. एका संध्याकाळी चाचणीची छोट्या खान्यांची प्लेट सहज उजेडाकडे तिरपी धरली, तर तळाला पेशींचा थरच नाही. पेशी वाढवायचं माध्यम मुळात गुलाबी, त्यामुळे त्यात उतरलेला लाल रंग कुणाच्या नजरेत भरला नव्हता. गिम्सा या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर नुसती फिकट टरफलं. अर्कातल्या सॅपोनिनने (वनस्पतींतला साबणासारखा पदार्थ) पेशीच फोडल्या होत्या. प्लाझमोडियम फॅल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी प्रयोगशाळेत तांबड्या पेशीतच वाढवतात. राहती जागाच फुटली तर त्याचा डीएनए वाढणार कुठून? परजीवी मोकळे करायला आपण स्वतः सॅपोनिनच वापरतो, तरी मला ते सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक प्लेटमध्ये काही खाने मी संसर्ग नसलेल्या पेशी आणि सर्वांत तीव्र अर्क यांच्यासाठी राखून ठेवते. यंत्राआधी डोळ्यांनी बघते, मग स्लाइड.

दुसरी चूक म्हणजे पाला उकळणं. झटपट होतं म्हणून सगळे तेच करतात. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या अर्काचा हिवतापावरचा गुण टिकत नव्हता, तेव्हा चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये ३५ अंशांच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं आणि मग गुण दिसला. उष्णतेने काय गेलं ते नंतर कळत नाही. मी थंडच भिजवते, दोन दिवस गेले तरी चालतील.

अर्क विरघळवायचं डीएमएसओ हे द्रावक शेवटी ०.५ टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढंच नियंत्रण-खान्यांतही (अर्क नसलेल्या) घाला. तुलनेसाठी क्लोरोक्विन हे हिवतापाचं औषध प्रत्येक प्लेटमध्ये हवंच. थ्री-डी-सेव्हन या क्लोरोक्विनला दाद देणाऱ्या परजीवी-वाणासोबत डीडी-टू हा प्रतिरोधक वाणही लावा. व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) किंवा हेप-जी-टू (माणसाच्या यकृताच्या) पेशींवरची विषारीपणाची चाचणी ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी उंदरांकडे जाऊच नये. जो अर्क सगळंच मारतो, त्यासाठी जनावरांचा जीव का घ्यायचा?

आणि पाला आणला त्याच दिवशी फांदी दाबून, वाळवून वनस्पती-संग्रहालयात द्या. पुढच्या हंगामात गुण दिसला नाही, तर झाड तेच होतं का, हे त्या फांदीवरूनच ठरवता येतं.