बेदरकार गाडी चालवणाऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायचीय? मग जायच्या आधी हे वाचा

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मी जे पहिलं वाक्य बोलले ते होतं, "तो माणूस नुसता माजल्यासारखा गाडी चालवत होता." समोरच्या वकिलांनी मान खाली घालून ते शांतपणे टिपून घेतलं. नंतर उलटतपासाला उठले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "माज तुम्हाला कुठून दिसला, मागच्या काचेतून?" मागे बसलेले दोघेतिघे हसले आणि माझे कान गरम झाले.

माझी पहिली चूक ही होती की मी मत सांगितलं. कोर्टाला तुमचं मत नको असतं, तुमच्या डोळ्यांना काय दिसलं ते हवं असतं. "माजला होता" हे मत झालं. "माझ्या मागे इतका चिकटला होता की आरशात त्याचे हेडलाईट दिसत नव्हते, फक्त काच आणि स्टिअरिंगवरचे हात दिसत होते, दोनदा अप्पर मारला, मग चुकीच्या बाजूने पुढे घुसला आणि माझ्यासमोर येऊन ब्रेक दाबला" ही साक्ष झाली. माज त्यात आपोआप येतो, तुम्हाला तो शब्द उच्चारावा लागत नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: त्याच दिवशी लिहून काढा

पाठलाग करू नका, हे सगळ्यात आधी. नंबर नीट दिसला नाही म्हणून मागे लागलात तर उद्या बेदरकार ड्रायव्हर तुम्हीच ठरता. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि फोनवर स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करा नाहीतर कागदावर लिहा. गाडीचा नंबर, रंग, मॉडेल, तारीख, वेळ, रस्ता, लेन, उजेड किती होता, रस्ता ओला होता की कोरडा, तुमचा स्वतःचा स्पीड किती होता, हॉर्न कोणी वाजवला हे सगळं त्यात यायला हवं. आणि एक रकाना 'खात्री नाही' असा ठेवा, नंबरातला शेवटचा आकडा ३ होता की ८ असा गोंधळ असेल तर तो तिथे तसाच लिहा. खाली तारीख, वेळ आणि सही.

एवढी घाई कशासाठी तर आठवण फार लवकर बदलते आणि ती बदलली हे आपल्याला कळतसुद्धा नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड किती होता असं विचारलं. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. काहींना 'गाड्या जोरात आदळल्या तेव्हा' असं विचारलं, त्यांचा सरासरी अंदाज आला ताशी ४०.५ मैल. काहींना 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असं विचारलं, तिथे अंदाज ३१.८ मैल. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले आणि जरा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! त्यामुळे घटनेनंतर बाकीच्या साक्षीदारांसोबत चहा पीत "अरे काय उडवला त्याने" अशी चर्चा करू नका, त्यांची आठवण तुमच्यात शिरते, तुमची त्यांच्यात, आणि कोर्टात दोघांचे शब्द सारखे आले की वकील म्हणणार, ठरवून आलेत.

व्हिडिओ असेल तर

डॅशकॅम जुन्या फाईलवर नवीन रेकॉर्डिंग करत जातो, म्हणून मेमरी कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा. मूळ फाईल कापू नका, गाणं लावू नका, स्टेटसला तर अजिबात टाकू नका. आणि व्हॉट्सॅपवरून पाठवलेली कॉपी म्हणजे मूळ फाईल नव्हे, ती दाबून लहान होते आणि फाईलमधली बरीच माहिती गळून पडते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर (बऱ्याचदा असतं) ते किती मिनिटांनी पुढेमागे आहे ते लगेच टिपून ठेवा आणि स्वतःहून सांगा. अजून एक, डॅशकॅमची लेन्स वाईड असते, त्यात समोरची गाडी प्रत्यक्षापेक्षा लांब दिसते. त्यामुळे "व्हिडिओत तर चांगलं अंतर दिसतंय" असा प्रश्न येणार हे गृहीत धरा.

जबाब आणि समन्स

पोलिसांनी जबाब लिहून घेतला की तो शब्द न् शब्द वाचा, घाई असली तरी वाचा, समोरचा अधिकारी घड्याळ बघत असला तरी वाचा. पुढे उलटतपासात तुमच्या आजच्या बोलण्याशी ताडून बघितला जाणार तो हाच कागद. समन्स आल्यावर ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका, न जाण्याचे परिणाम वाईट होतात, अगदी वॉरंटपर्यंत जातं. खरंच जमत नसेल तर समन्सवर दिलेल्या ठिकाणी आधीच लेखी कळवा. तारीख पुढे ढकलली जाणं हे तर ठरलेलंच, आदल्या दिवशी चौकशी करून निघा आणि निघालात की पूर्ण दिवस गेला असं धरून निघा.

मधल्या काळात ड्रायव्हरकडून किंवा त्याच्या माणसांकडून फोन आला, 'मिटवून टाकू' पासून 'बघून घेऊ' पर्यंत काहीही, तर वाद घालत बसू नका, कॉलची वेळ लिहा आणि तपास अधिकाऱ्याला किंवा सरकारी वकिलांना कळवा. साक्षीदारावर दबाव आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे

जबाबाची कॉपी मागून घ्या, स्वतःची टिपणं दोनदा शांतपणे वाचा आणि ठेवून द्या. पाठ केलेली साक्ष लगेच ओळखू येते, मधेच कोणी प्रश्न विचारला की गाडी रुळावरून घसरते आणि माणूस पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.

थोडं गणित मात्र करून ठेवा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. मागची गाडी १० मीटरवर असेल तर तिच्या ड्रायव्हरकडे अर्धा सेकंदसुद्धा नाही, आणि ब्रेकवर पाय जायलाच माणसाला एक ते दीड सेकंद लागतो. पण हे आकडे पिंजऱ्यात फेकायचे नाहीत हं, तो तज्ज्ञाचा प्रांत. ते तुमच्यासाठी, म्हणजे "अगदी जवळ" चा अर्थ तुमच्या डोक्यात स्पष्ट राहतो.

अंतर फुटात सांगायचं असेल तर विचार करून सांगा. मी मोठ्या तोऱ्यात "वीस फूट" म्हणाले. वकिलांनी विचारलं, "म्हणजे इथून त्या दारापर्यंत?" मी हो म्हणाले. ते दार चांगलं चाळीस फुटांवर होतं. त्यापेक्षा "मध्ये दुसरी गाडी मावली नसती" असं म्हणाले असते तर खरंही होतं आणि कोणाला मोजायलाही जमलं नसतं.

स्पीडचंही तसंच. "शंभर-सव्वाशेने होता" हे वाक्य विसरा. इंग्लंडमध्ये तर १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्यात स्पष्टच लिहिलंय की फक्त एका साक्षीदाराच्या अंदाजावर कोणाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल दोषी धरता येत नाही. तुम्ही एवढंच सांगा की माझा काटा साठवर होता आणि तो मला झपकन मागे टाकून गेला.

ड्रायव्हर ओळखण्याचा भाग

यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि केस बऱ्याचदा इथेच लटकते. तुम्ही गाडी बघितली, नंबर बघितला. माणूस बघितलात का? गाडी त्याच्या नावावर आहे म्हणजे त्या दिवशी तोच चालवत होता असं नाही, भाऊ असेल, ड्रायव्हर असेल. चेहरा दिसला असेल तर किती वेळ, कुठल्या बाजूने, काच खाली होती की वर हे सांगा. नसेल दिसला तर नाही दिसला. आणि ओळख पटवायच्या आधी त्याचा फेसबुकवरचा फोटो शोधून बघू नका, नंतर रस्त्यावरचा चेहरा आठवतोय की फोटोतला हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही.

कोर्टाचा दिवस

साधे नीटनेटके कपडे, ओळखपत्र, समन्स, पाण्याची बाटली, फोन बंद. साक्षीदारांना सहसा बाहेर बसवतात कारण एकाची साक्ष दुसऱ्याने ऐकायची नसते. कॉरिडॉरमध्ये तो ड्रायव्हर अगदी समोरच्या बाकावर बसलेला असू शकतो, तेव्हा पेपर वाचा, भिंत बघा, काहीही करा पण त्याच्याशी बोलू नका.

पद्धत देशाप्रमाणे बदलते. जर्मनीत न्यायाधीश आधी तुम्हाला सगळी हकीकत सलग सांगू देतात आणि मग प्रश्न येतात. भारत, इंग्लंड, अमेरिका इथे वकील विचारतात, आधी तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूचा सरतपास आणि मग समोरच्याचा उलटतपास. सरतपासात उत्तर तोंडात घालणारे प्रश्न सहसा चालत नाहीत, म्हणून "मग काय झालं" छापाचे प्रश्न येतात, तिथे क्रमाने, हळू बोला. तुमचं बोलणं कोणीतरी टाईप करत असतं, त्याचे हात बघा आणि ते थांबले की पुढचं वाक्य. 'तिथे', 'असा', 'एवढा' असे हातवारे करून बोललेले शब्द कागदावर उतरत नाहीत.

उलटतपास

इथे वकील हो-नाही मध्ये उत्तर मागणारच, तो त्यांचा हक्क आहे आणि त्यात वैयक्तिक काही नसतं, हे मला फार उशिरा कळलं. प्रश्न पूर्ण ऐका. एक श्वास घ्या. जेवढं विचारलं तेवढंच सांगा आणि न्यायाधीशांकडे बघून सांगा. उत्तर संपल्यावर वकील मुद्दाम गप्प राहतात, ती शांतता भरून काढायचा मोह होतो, नका भरू. माझं अर्धं नुकसान त्या शांततेत झालं.

एका प्रश्नात दोन प्रश्न असतील तर तसं म्हणा. "म्हणजे तुम्ही रागात होता आणि म्हणून नंबर लिहून घेतला, बरोबर?" यात राग वेगळा, नंबर वेगळा. "नंबर मी लिहून घेतला. घाबरले होते." बस.

"आठवत नाही" आणि "बघितलं नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. दोन्ही द्यायला लाजू नका. माझ्याकडून त्या दिवशी एकच चांगली गोष्ट झाली. वकिलांनी विचारलं, त्याने इंडिकेटर दिला होता का, आणि मोह होता हो "नाही" म्हणायचा, पण त्या क्षणी मी पुढच्या मोटरसायकलवाल्याकडे बघत होते, म्हणून म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं." न्यायाधीशांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तुमच्या हातून काही झालं असेल, म्हणजे तुम्हीही लांबलचक हॉर्न दिला असेल, हात दाखवला असेल, तर ते सरतपासातच सांगून मोकळे व्हा. दडवलेलं उलटतपासात निघालं की त्याच्या आधीचं खरंसुद्धा खोटं वाटायला लागतं. जबाबात आणि आजच्या बोलण्यात फरक निघाला तर "दोन्ही बरोबर" अशी कसरत करू नका, कुठलं चुकलं आणि का ते सरळ सांगा.

काही ठिकाणी ड्रायव्हर वकील न लावता स्वतःच उभा राहतो आणि ज्याने रस्त्यावर तुम्हाला शिव्या दिल्या तोच आता "मी तुम्हाला विचारू इच्छितो" म्हणत समोर येतो. पोटात गोळा येतो. उत्तर द्यायची पद्धत तीच, नजर न्यायाधीशांकडे. तो प्रश्नाऐवजी भाषण सुरू करेल तर तुम्ही काही बोलायची गरज नाही, त्याला थांबवणं तुमचं काम नाही.

निघायच्या आधी

तुमच्या बाजूचे वकील फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतरच्या त्यांच्या प्रश्नांत, एकदोन गोष्टी स्पष्ट करून घेतील किंवा घेणार नाहीत. ऑफिसला दाखवायला हजेरीचा दाखला आणि प्रवासभत्ता मिळत असेल तर त्याचा फॉर्म कारकुनाकडे मागा. बाहेर थांबलेल्या साक्षीदारांना आत काय विचारलं ते सांगू नका, ते विचारतीलच.

आणि जिथे टाईप केलेली साक्ष वाचून सही करायला देतात तिथे दमला असलात तरी पुन्हा शब्द न् शब्द वाचा. माझ्या कागदावर "दोनदा अप्पर मारला" च्या जागी "दहादा अप्पर मारला" असं टाईप झालं होतं. माझ्या फायद्याची चूक होती, गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. हात वर केला, सांगितलं, टायपिस्टने 'दहादा' खोडून 'दोनदा' केलं, बाजूला सही घेतली आणि मी बाहेर आले तेव्हा चार वाजून गेले होते.