सेन्सेक्स आपटला की जुने रुपये घ्यावेत का?

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो आणि फावल्या वेळात जुनी नाणी जमवतो. मालकांचा मुलगा दिवसभर मोबाईलवर शेअर बघतो. बाजार आपटला की हमखास विचारतो, "काका, आता तुमची नाणी स्वस्त झाली असतील की!" काही होतात, काही तशीच राहतात, काही तर महागतात. कोणती कुठं जाणार हे ओळखायची माझी रीत सांगतो.

नाणं हातात आलं की आधी त्यातली चांदी मोजा. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचा कलदार, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे निव्वळ साधारण 10.7 ग्रॅम. आपल्याकडचा चारमिनारचा हाली, म्हणजे हैदराबादच्या निजामाचा रुपया 11.18 ग्रॅमचा, चांदी 81.8 टक्के, निव्वळ नऊ ग्रॅमच्या थोडी वर. 1940 पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली, 1947 चा रुपया तर निकेलचाच. निजामाच्या शेवटच्या रुपयांतही चांदी अर्धीच आहे, त्यामुळे चारमिनार दिसला की हिजरी साल वाचल्याशिवाय भाव बोलू नका. चांदी किलोला एक लाख धरली तर जुन्या कलदारात 1,070 रुपयांची चांदी झाली, हालीत 915 च्या आसपास. मागितलेल्या किमतीतून हे वजा करा. उरते ती शौकाची किंमत. चांदीचा हिस्सा सराफ्याच्या भावानं हलतो. शेअर बाजाराचा मार बसतो तो शौकाच्या हिश्शाला.

आता चांदीच्या हिश्शाचं. शेअर पडले की सोनं-चांदी लगेच चढते असं बरेच जण धरून चालतात. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून जास्त अंकांनी पडला, त्या दिवसांत चांदीही पडलेली होती, किलोला 35 हजारांच्या आसपास. मोठ्या लोकांना रोकड हवी होती आणि जे विकलं जाईल ते त्यांनी विकलं. ऑगस्टपर्यंत तीच चांदी 75 हजारांच्या वर गेली. 2008 च्या पडझडीतही चांदी आधी शेअरबरोबर खालीच आली होती. म्हणून साधे, झिजलेले, ढिगानं मिळणारे रुपये घ्यायचे असतील तर पडझडीच्या पहिल्या काही आठवड्यांत घ्या. पेपरात "चांदीला झळाळी" असं छापून येतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. (2020 ला नेमकी त्याच वेळी टाळेबंदी लागली आणि सराफा बंद. नशीब!)

दुर्मिळ नाण्याचं गणित वेगळं. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले होते, तो हा रुपया. किंवा 1939 चा सहाव्या जॉर्जचा. असली नाणी बाळगणारा व्यापारी बाजार पडला म्हणून भाव उतरवत नाही, नाणं कपाटात ठेवून देतो. "सध्या माल नाही" म्हणतो. त्याच्याशी घासाघीस करून काही हाती लागत नाही. स्वस्त मिळतं ते तीन ठिकाणी. लिलावात बोली न लागता पडून राहिलेला माल असतो, त्याबद्दल लिलाव संपल्यावर विचारा, पण कमिशन धरून हिशेब करा. दुसरे म्हणजे डबल नाणी काढून टाकणारे संग्राहक. तिसरे, शेअरमध्ये हात पोळल्यामुळे अख्खा संग्रह एकगठ्ठा विकणारे. या तिसऱ्यांकडे मधल्या दर्जाची नाणी सगळ्यात जास्त उतरतात. अव्वल नाण्याला गिऱ्हाईक तेव्हाही असतंच. भाव उतरायलाही वेळ लागतो, सेन्सेक्स सावरल्यावरही महिनोन्‌महिने मंदी राहते. घाई करू नका.

पण खरं सांगू? आमच्या भागात जुनी चांदी बाहेर येते ती सेन्सेक्समुळे नाही. 24 ऑगस्ट 2015 ला सेन्सेक्स सोळाशे अंकांनी पडला, त्याची चर्चा झाली ती दुकानाच्या गादीवर. त्याच साली पाऊस गेला, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गाठोड्यातले हाली रुपये सराफ्यात आले ते त्यामुळे, आणि तेव्हा चांदीही उतरलेली. सोयाबीनचा भाव पडला की, शाळा-कॉलेजच्या फीच्या दिवसांत, लग्नसराईच्या आधी असे रुपये निघतात. शेतकरी सांगतो, "पोरीच्या फीसचं हाय, पाच तारखेच्या आत पायजेत." अशा माणसाला त्या दिवसाच्या चांदीच्या भावाखाली एक रुपयाही कमी देऊ नका. नाण्यावरचं साल दुर्मिळ असेल तर ते त्याला सांगा आणि वर पैसे द्या. आमच्याकडं शब्द फिरतो. दुसऱ्यांदा तो तुमच्याकडेच येईल, हा व्यवहारही आहे.

चांदी महाग होते तसा खोटा मालही वाढतो. छोटा डिजिटल काटा जवळ ठेवा. झिजेनं वजन थोडं कमी भरतं, जास्त भरलं तर संशय धरा. लोहचुंबक लावा, पण चिकटलं नाही म्हणजे खरं असं समजू नका, पितळही चिकटत नाही. कडेचे खाचे भिंगातून बघा. ओतीव नकलेची कड बोथट असते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. नाणं घासून चकचकीत केलेलं असेल तर शौकाची किंमत शून्य धरा.

पैसे कुठून काढायचे? पडलेले शेअर विकून तर मुळीच नको, एसआयपी बंद करूनही नको. शेअर मोबाईलवर मिनिटात विकता येतो, नाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि अडलात तर सराफ घट कापून चांदीचाच भाव देतो. दोन वर्षं लागणार नाहीत एवढेच पैसे यात घाला.

पैठण, तेरकडची शेतात सापडलेली सातवाहन नाणी "मंदी आहे, स्वस्तात घ्या" म्हणून कोणी दाखवली तर हात लावू नका. जमिनीतून निघालेल्या धनाला 1878 चा निखात निधीचा कायदा लागतो, ते कलेक्टरला कळवावं लागतं. सातवाहन काळ बघायचाच असेल तर तेरचं लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे.

एक वही करा. प्रत्येक नाण्यापुढं तारीख, वजन, दिलेले पैसे, कुणाकडून घेतलं आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव लिहा. शक्य तिथं पावती मागा.