इंधन सेल सुरू करताना पहिले काही सेकंद सांभाळा

आमच्या लॅबमध्ये वीस सेलचा, पाण्याने थंड होणारा पीईएम स्टॅक आहे, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या, मध्ये पातळ पडदा (मेम्ब्रेन) असलेल्या सेलची चळत. नवीन मुलांचा हात आधी हायड्रोजनच्या सिलिंडरकडे जातो. तो मी अडवतो.

आधी जोडांना साबणाचं पाणी लावा, छतालगतचा हायड्रोजन सेन्सर चालू आहे ना ते बघा, पर्जची (आतला वायू बाहेर झटकण्याची) नळी खोलीबाहेर मोकळ्या हवेत गेलीय याची खात्री करा. हवेत हा वायू 4 ते 75 टक्के असला तर पेट घेतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. मग कूलंटचा पंप लावा.

आता खरी मेख. बंद पडून राहिलेल्या स्टॅकमध्ये ॲनोडच्या, म्हणजे हायड्रोजनच्या, बाजूलाही हवा शिरलेली असते. तीत हायड्रोजन सोडला की काही क्षण ॲनोडच्या एका भागात हायड्रोजन आणि दुसऱ्या भागात हवा असते. त्या हवेच्या भागासमोर कॅथोडचं (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडचं) पोटेन्शियल दीड व्होल्टच्या आसपास चढतं, आणि उत्प्रेरक प्लॅटिनम ज्या कार्बनवर बसवलेलं असतं तो कार्बनच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. बाहेरच्या मीटरवर यातलं काही कळत नाही, म्हणून तर लोक बिनधास्त राहतात.

लॅबमध्ये उपाय सोपा: आधी ॲनोड नायट्रोजनने धुऊन काढा. गाडीत नायट्रोजनची टाकी कोण बाळगणार? तिथे पर्ज वाल्व्ह उघडा ठेवून हायड्रोजन झपाट्याने पुढे ढकलतात, आणि त्याच वेळी स्टॅकला छोटा डमी लोड (थोडा करंट खाणारा रेझिस्टर) जोडून व्होल्टेज दाबून ठेवतात. मात्र डमी लोड लावलाय आणि एखाद्या सेलला हायड्रोजन पोचला नाही, तर तो सेल उलटा होतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज ऋण होतं. म्हणून प्रत्येक सेलचं व्होल्टेज स्वतंत्र मोजा. एकूण आकडा फसवतो: एकोणीस सेल 0.95 वर आणि एक 0.3 वर असला तरी बेरीज 18.35 येते, कुणाला संशयही येत नाही.

सगळे सेल सारखे दिसले की ब्लोअर (कॅथोडला हवा देणारा पंखा) लावा, डमी काढा आणि खरा लोड थोडा थोडा चढवा. विनालोड ताटकळत ठेवू नका, जास्त व्होल्टेज कॅथोडला मानवत नाही. चढवताना आधी वायू, मग करंट; उतरवताना उलट. मेम्ब्रेन ओलं आणि स्टॅक 60 अंशांच्या पुढे जाईपर्यंत घाई नको. एखादाच सेल डुचमळत असेल तर त्यात पाणी साचलंय, पर्ज करा. सगळेच हळूहळू खाली येत असतील तर मेम्ब्रेन सुकत असण्याची शक्यता जास्त.

बंद करताना लोड काढा, हवा थांबवा, हायड्रोजन चालू ठेवून डमी लोडने कॅथोडमधला ऑक्सिजन संपू द्या. व्होल्टेज पडलं की डमी काढा आणि मगच हायड्रोजन बंद करा.